शिरेतील नळी आणि हाताची सूज

केमोथेरपी किंवा दीर्घकाळ शिरेतून प्रतिजैविके घेणारा रुग्ण आजकाल अनेकदा दंडात बारीक नळी ठेवूनच घरी येतो. रुग्णालयात तिला ‘पिक लाइन’ म्हणतात. दंडाच्या शिरेतून आत सरकविलेली ही नळी थेट हृदयाजवळच्या ऊर्ध्व महाशिरेपर्यंत पोहोचते. काही दिवसांनी तो हात सुजतो, जड वाटू लागतो आणि रुग्ण आपल्याकडे तेल किंवा लेप मागावयास येतो.

शिरेत रक्ताची गुठळी होण्याची तीन कारणे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रूडॉल्फ फिरखो याच्या नावाने ओळखली जातात : प्रवाह मंदावणे, शिरेच्या अंतःस्तरास इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. येथे तिन्ही एकत्र नांदतात. नळी मार्ग अडविते, तिच्या घर्षणाने अंतःस्तर दुखावतो आणि कर्करोगामुळे रक्त आधीच गोठणशील झालेले असते. म्हणूनच नळीची जाडी शिरेच्या व्यासाच्या ४५ टक्क्यांहून अधिक नसावी, असा संकेत आहे. नळीचे माप ‘फ्रेंच’ या एककात देतात. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. तेव्हा ३ मिलिमीटरच्या शिरेत ४ फ्रेंचची नळी जेमतेम या मर्यादेत बसते. २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संकलित अभ्यासात इतर मध्यवर्ती नळ्यांच्या तुलनेत पिक लाइनमध्ये अशा गुठळीची शक्यता सुमारे अडीचपट आढळली.

एक गैरसमज मात्र वारंवार ऐकू येतो. नळीतून सलाइन सुरळीत जाते, तेव्हा गुठळी नसणार, असे नातेवाईक सांगतात. नळीच्या आतील गुठळी निराळी व नळीभोवती शिरेत झालेली गुठळी निराळी. दुसरी असतानाही नळी उत्तम चालू शकते. पुष्कळदा तर कोणतेही लक्षण नसते.

अशा एका हाताच्या सुजेस सामान्य शोथ मानून अभ्यंग वा स्वेदन करू नये. मर्दनाने गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात जाण्याची भीती असते. प्रथम डॉपलर सोनोग्राफी करवून घ्यावी. धाप लागणे किंवा छातीत दुखणे सुरू झाल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णास रुग्णालयात पाठवावे. नळी आपण कधीही काढू नये. ती आवश्यक असेल, नीट चालत असेल व संसर्ग नसेल, तर गुठळी असूनही ती ठेवून रक्त गोठू न देणारी औषधे सामान्यतः किमान ३ महिने देतात.

औषधालयाच्या मालकांचा संबंध येथेच येतो. वॉर्फरिनसारखे औषध चालू असताना लसूण, आले किंवा हळद यांचे मोठ्या मात्रेतील कल्प रक्तस्रावाचा धोका वाढवू शकतात. गुग्गुळाच्या कल्पांबाबतही सावध राहावे. रुग्ण ‘रक्त पातळ करण्याची गोळी’ घेतो काय, हे विचारल्याशिवाय असे कल्प हातात देऊ नयेत.

आणि रक्तदाब मोजावयाचा असल्यास पट्टा दुसऱ्या हातास बांधावा.