मोकळी जमीन म्हणजे कुठली?

नायगावच्या गं. द. आंबेकर मार्गावर बॉम्बे डाईंगची स्प्रिंग मिल होती. आज तिच्या जागेवर टॉवर उभे आहेत. ‘सुप्रीम कोर्टापर्यंत जाईन’ ही गिरणगावातली नेहमीची धमकी. ही गिरणी मात्र खरोखरच तिथवर गेली. ते कोर्ट कसं चालतं, हे समजून घ्यायला तिचाच खटला घेऊ.

वाद दोन शब्दांचा होता. मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम 58 सांगत होता की, गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळ मानाने तिचे तीन वाटे करा. एक पालिकेला मैदानं-उद्यानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. 2001 मध्ये राज्य सरकारने नियम बदलला. वाटणी आता फक्त ‘मोकळ्या जमिनी’ची. पण गिरणीच्या आवारात मोकळं असतं किती? सगळीकडे खाती, गोदामं, शेड. शेड पाडल्यावर मोकळी होणारी जमीन धरायची की नाही, यावर मुंबईतल्या सुमारे 600 एकरांचं गणित अडलं.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या पर्यावरणवादी संस्थेने जनहित याचिका केली. 17 ऑक्टोबर 2005 रोजी मुंबई हायकोर्टाने शेड पाडून मोकळी होणारी जमीनही वाटणीत धरली. मालक दिल्लीला गेले.

तिथे अपील सहसा हक्काने मिळत नाही. घटनेच्या कलम 136 खाली आधी परवानगी मागायची. वकील या अर्जाला ‘एसएलपी’ म्हणतात. पहिल्या सुनावणीत प्रकरण ऐकायचं की नाही, एवढंच ठरतं. बऱ्याचदा ती काही मिनिटांत उरकते आणि बहुतेक अर्ज तिथेच संपतात. कारण न देता अर्ज फेटाळला, तर हायकोर्टाचा निकाल कायम राहतो. पण सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलं, असं होत नाही. बातम्यांचे मथळे इथेच घसरतात.

परवानगी मिळाली की अपील सुरू. साक्षीदारांचा पिंजरा, उलटतपासणी हे खालच्या कोर्टात झालेलं असतं. इथे कागद आणि युक्तिवाद. सरन्यायाधीशांसह न्यायाधीशांची मंजूर संख्या 34, पण सगळे एकत्र बसत नाहीत. एरवी दोघा-तिघांची पीठं असतात आणि कुठलं प्रकरण कुणापुढे, हे सरन्यायाधीश ठरवतात. घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल, तर किमान पाच न्यायाधीश लागतात.

7 मार्च 2006 रोजी सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा निकाल फिरवला. मोकळी जमीन म्हणजे आधीपासून मोकळी असलेली. शेड पाडून होणारी नव्हे. शहराला मैदानं हवीत का, हे कोर्ट ठरवत नव्हतं. असा नियम करायचा अधिकार सरकारला होता का आणि नियमाचा अर्थ काय, हे ते पाहत होतं. कलम 141 प्रमाणे असा निकाल देशभरच्या कोर्टांना बंधनकारक असतो. पुढे पुनर्विलोकन आणि त्यानंतर क्युरेटिव्ह याचिका अशा दोन वाटा उरतात, दोन्ही फार अरुंद.

म्हाडाच्या वाट्याला जे आलं, त्यावर घरं झाली. मार्च 2020 मध्ये बॉम्बे डाईंग, स्प्रिंग आणि श्रीनिवास या मिलच्या जागांवरच्या 3,894 घरांची सोडत गिरणी कामगारांसाठी निघाली. 1982 च्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते.

‘मोकळी जमीन’ हे शब्द दिल्लीने घातलेले नव्हते. ते इथल्या मंत्रालयातून आले होते. असा नियम बदलण्याआधी कायद्याने लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात. ती जाहीर सूचना बारीक टायपात, पेपरच्या आतल्या पानावर येते. आपल्या भागाबद्दलची सूचना दिसली, तर ती शेवटपर्यंत वाचा आणि मुदतीच्या आत लेखी हरकत द्या. सुप्रीम कोर्टाची पायरी त्यानंतरची आहे.