आईची खवणी

२००८ साली आई प्रथमच आमच्याकडे न्यू जर्सीला सहा महिने राहायला आली. माहेर-सासर दोन्ही रत्नागिरीकडचं, त्यामुळे बॅगेत साडीत गुंडाळलेली खवणी! आम्ही दोघांनी दुसऱ्याच दिवशी बजावले, "आई, इथे नारळ बंद हं. कोलेस्टेरॉल!" ती नुसतं "बरं" म्हणाली. सहा महिने खवणी बॅगेतच राहिली. डाळिंब्यांची उसळसुद्धा बिननारळाची. आणि आम्ही? टोस्टला मार्जरीन फासून हृदयाची काळजी घेत होतो.

नारळाची ही धास्ती इथली जुनीच. १९९४ मध्ये वॉशिंग्टनच्या एका ग्राहक संस्थेने जाहीर केले की खोबरेल तेलातल्या, बटर घातलेल्या थिएटरच्या मध्यम पॉपकॉर्नमध्ये बेकन-अंडी, बिग मॅक-फ्राइज आणि स्टेकचे जेवण यांच्या बेरजेपेक्षा जास्त संपृक्त चरबी असते. झाले! लोकांच्या लक्षात नारळ राहिला, पॉपकॉर्नची ती भलीमोठी बादली नाही.

आमच्या मार्जरीनच्या डबीवर मात्र ठळक अक्षरांत 'ट्रान्स फॅट ० ग्रॅम'. २००६ पासून हा आकडा छापणे सक्तीचे झाले, पण एका सर्व्हिंगमध्ये अर्ध्या ग्रॅमहून कमी असेल तर शून्य लिहायची मुभा! उभा जन्म राउंड-ऑफ करण्यात गेलेल्या इंजिनिअरांना हे कळू नये? मागे बारीक अक्षरांत 'पार्शली हायड्रोजनेटेड' लिहिलेले होतेच. तीच तेले २०१५ मध्ये एफडीएने सुरक्षित पदार्थांतून वगळली.

पुढे वारे फिरले. तेच खोबरेल तेल 'सुपरफूड' झाले, ऑफिसात लोक कॉफीत चमचाभर घालू लागले. २०१७ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सांगितले, त्यात ८२ टक्के संपृक्त चरबी आहे, जपून.

तेव्हा कुठे आम्ही कागद-पेन्सिल घेतली. कॉफीतल्या एका मोठ्या चमच्यात ११-१२ ग्रॅम. आईच्या वाटणात दोन मुठी ओलं खोबरं, म्हणजे साधारण ६० ग्रॅम. त्यात संपृक्त चरबी सुमारे १८ ग्रॅम. ते वाटण चार माणसांना दोन वेळ पुरते. म्हणजे माणशी एका जेवणाला सव्वादोन! एवढ्यासाठी आम्ही तिची खवणी बंद केली होती.

गेल्या उन्हाळ्यात आई पुन्हा आली. बॅग उघडली तर खवणी नाही.

"अगो, इथे नारळ चालत नाही ना?" ती सुनेला म्हणाली.

शनिवारी आम्ही इंडियन स्टोअरमध्ये खवणी शोधत फिरलो. मिळाली ती टेबलाला घट्ट करायची, हँडल फिरवायची. आईला ती मुळीच पसंत नाही.