पस्तीस किलोमीटर, चार तास

ऑस्ट्रियातल्या स्टायरिया प्रांतात आयझेनएर्झ नावाचं एक छोटं गाव आहे. गावाला लागूनच एर्झबर्ग हा लोखंडाच्या खनिजाचा डोंगर आहे. शतकानुशतकं खणल्यामुळे त्याच्या अंगावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत टप्पे पडले आहेत. खाण आजही चालू आहे. १९९५ साली कार्ल काटोख यांनी इथे मोटरसायकलींची एक शर्यत सुरू केली आणि ‘एर्झबर्गरोडिओ’ हे नाव जगभरच्या डर्ट बाइकवाल्यांच्या तोंडी बसलं.

आधी दोन दिवस निवड फेरी होते. खाणीच्या रुंद, खडीच्या रस्त्यांवरून सगळे जीव तोडून वर पळतात, वेग ताशी शंभराच्या पार जातो. त्यातून पहिले ५०० निवडतात आणि रविवारी त्यांना ५०-५० च्या रांगांनी खाणीच्या तळातून सोडतात. ही मुख्य शर्यत साधारण ३५ किलोमीटरची आणि वेळ ४ तास. हिशेब केला तर ताशी ९ किलोमीटरच्या सरासरीनेही माणूस वेळेत पोचायला हवा. सकाळी मैदानावर धावणारा तंदुरुस्त माणूस याहून जोरात पळतो. तरीही ५०० जणांतले मूठभरच शेवटच्या कमानीखालून जातात. बाकीचे कुठे तरी चढणीवर, जंगलातल्या चिखलात किंवा दगडांच्या राशीत अडकलेले असतात आणि घड्याळ संपतं.

वेगाच्या जोरावर निवडलेल्या माणसांना वेग निरुपयोगी ठरणाऱ्या जागी नेऊन सोडायचं, ही या शर्यतीची कल्पना मला फार आवडते. मोटरसायकलचा खेळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उड्या आणि धुरळा येतो. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉसची लीग सुरू झाली, तेव्हा लोकांनी पाहिलं ते हेच, आणि ते देखणं असतंच. पण खडकाळ, निसरड्या, अरुंद वाटेवरून गाडी काढणं हा वेगळा खेळ आहे. इथे गाडी माणसाच्या चालीने पुढे सरकते. दर दहा फुटांवर एक नवा प्रश्न असतो आणि तो सोडवायला दोन-तीन सेकंद मिळतात.

या खेळाचं मूळ ब्रिटनमधल्या ‘ट्रायल’मध्ये आहे. स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यमच्या परिसरात होणारी सहा दिवसांची ट्रायल १९०९ पासूनची परंपरा सांगते. तिचा नियम सोपा आणि निर्दय आहे. ओढ्यातला, दगडांतला ठरावीक तुकडा पाय न टेकता पार करायचा. एकदा पाय टेकला तर १ गुण दंड, दोनदा टेकला तर २, त्याहून जास्त वेळा टेकला तर ३. तुकडा पार झालाच नाही तर ५. ज्याचे गुण कमी तो जिंकला. आपल्याकडे गणेशोत्सवात सायकलची स्लो रेस असते, शेवटी पोचणारा जिंकतो आणि पाय टेकला की बाद. ज्याने ती लहानपणी खेळली आहे त्याला ट्रायलची नस लगेच कळेल, फक्त इथे मैदानाऐवजी वाहत्या ओढ्यातले शेवाळलेले गोटे असतात. ट्रायलची गाडी ७० किलोंच्या आसपास भरते आणि तिला बसायला सीट जवळजवळ नसतेच, कारण बसण्याची वेळच येत नाही. या गाडीवर तोल किती साधता येतो, याचा एक दाखला डगी लॅम्पकिन या ब्रिटिश ट्रायलपटूने २०१६ मध्ये दिला. आइल ऑफ मॅनच्या शर्यतीचा सुमारे ६० किलोमीटरचा पूर्ण फेरा त्याने एकाच चाकावर मारला.

ट्रायलची ही कला आणि लांब पल्ल्याच्या एन्ड्युरो शर्यतीचा दम एकत्र आला, त्यातून आजचा हार्ड एन्ड्युरो घडला. म्हणूनच त्यातले अनेक मोठे खेळाडू मुळात ट्रायलवाले आहेत. पोलंडचा टॅडी ब्लाझुसियाक २००७ मध्ये एर्झबर्गला पहिल्यांदा आला तो जिंकूनच गेला आणि पुढची चार वर्षंही त्याने कोणाला पुढे जाऊ दिलं नाही. इंग्लंडचा ग्रॅहम जार्विस तर वयाचे सगळे आडाखे खोटे पाडणारा माणूस. १९७५ चा जन्म. २०१८ आणि २०१९ ला त्याने एर्झबर्ग जिंकलं तेव्हा त्याने चाळिशी ओलांडली होती. त्याला चढण चढताना पाहावं. इंजिनाचा आवाज वाढत नाही, चाक फिरत राहतं पण घसरत नाही, अंगात कुठे घाई दिसत नाही. शेजारी विशीतली पोरं गाडी किंचाळवत असतात आणि हा त्यांच्या बाजूने निघून जातो.

हे कसं होतं? सगळी मेख मागच्या टायरच्या पकडीत आहे. टायर दगडाला धरून असतो तोवरच इंजिनाची ताकद उपयोगाची. एकदा का चाक जागेवर फिरायला लागलं, की मातीत ते खड्डा खणतं आणि ओल्या कातळावर आहे ती पकडही घालवतं. त्यामुळे डाव्या हाताचं एक बोट कायम क्लचवर असतं. आपल्याकडे मेकॅनिक ज्याला ‘हाफ क्लच’ म्हणतात आणि ज्यावरून गाडीमालकाला दटावतात, तो हाफ क्लच हाच इथे मुख्य लगाम. थ्रॉटल थोडा चढा ठेवायचा आणि चाकापर्यंत ताकद किती जाऊ द्यायची ते बोटाने ठरवायचं. दुसरी गोष्ट म्हणजे अंग. चढणीवर वजन फार मागे गेलं तर पुढचं चाक उचलतं आणि गाडी उलटते. फार पुढे गेलं तर मागचं चाक हलकं होऊन फिरतं. या दोन्हींच्या मधली जागा हाताच्या तळव्याएवढी असते आणि चढण बदलली की तीही सरकते. म्हणून फुटपेगवर उभं राहायचं, गुडघे सैल ठेवायचे, गाडीला पायांखाली हवी तशी हलू द्यायची.

समजा वाटेत गुडघाभर उंचीची दगडी पायरी आली. गाडी जवळ आली की थ्रॉटलचा एक छोटा झटका देऊन क्लच सोडायचा, तेवढ्यात पुढचं चाक उचलून पायरीच्या वरच्या कडेला लागतं. त्या धक्क्याने पुढचे शॉकअप दबतात. त्याच क्षणी थ्रॉटल बंद करून अंग पुढे न्यायचं, आणि मागचं चाक पायरीला भिडता भिडता दुसरा झटका. मागचं सस्पेन्शन दबून उसळतं आणि गाडी वर येते. हे सगळं एका सेकंदात होतं. पहिला झटका जरा उशिरा बसला तर चाक पायरीच्या पोटावर आदळतं, हँडल हातातून निसटतं आणि माणूस गाडीसकट आडवा होतो. आणि सगळ्यात अवघड म्हणजे नजर. ज्या दगडाला घाबरून आपण त्याच्याकडे टक लावून बघतो, नेमके त्याच्यावरच जाऊन आदळतो. नजर दगडापलीकडच्या वाटेवर न्यायला मन शिकवावं लागतं, आणि मन हे क्लचपेक्षा उशिरा ऐकतं.

याच्या जोडीला थकवा. हार्ड एन्ड्युरोतली ३०० सीसीची टू-स्ट्रोक गाडी १०५ किलोंच्या घरात असते आणि तिची सीट जमिनीपासून सुमारे ९६० मिलिमीटर उंच. सरासरी उंचीच्या माणसाचे दोन्ही पाय काही तिच्यावरून टेकत नाहीत. उतारावर पडलेली ती गाडी उचलण्यात जेवढा दम जातो, तेवढ्यात अख्खी चढण चढून झाली असती. तिसऱ्यांदा पडल्यावर हात थरथरतात, हात थरथरले की क्लचचं बोट चुकतं आणि मग चौथ्यांदा पडतो. म्हणून मुरलेले खेळाडू ताकद कशी लावायची यापेक्षा कुठे लावायची नाही, याचा विचार जास्त करतात. हीच गत गाडीचीही. वेग नाही म्हणजे रेडिएटरवर वारा नाही, आणि वारा नाही म्हणजे पाणी उकळणार, त्यासाठी पंखा बसवतात. अणकुचीदार दगडांवर ट्यूब टिकत नाही, म्हणून टायरमध्ये हवेऐवजी फोमची नळी भरतात. तिला मूस म्हणतात, आणि ती पंक्चर होत नाही.

एर्झबर्गवर ‘कार्ल्स डिनर’ नावाचा टप्पा आहे. मोठमोठ्या, सुट्या, टोकदार दगडांचं रान. तिथवर पोचलेल्यांपैकीही अनेकांची शर्यत तिथेच संपते. पण २०१५ साली आयोजकांनी त्याहून कठीण जागा शोधली. ‘डाउनटाउन’ नाव दिलेला जंगलातला उभा, चिखलाचा चढ. सगळ्यात पुढे असलेला जॉनी वॉकर तिथे पोचला आणि थांबला. चढ चढेना. मागून जार्विस आला, जर्मनीचा आंद्रेआस लेटनबिख्लर आला, स्पेनचा आल्फ्रेडो गोमेझ आला. तेही अडकले. त्या भागात प्रेक्षकांनी हात लावायचा नाही असा नियम. शेवटी चौघांनी एकमेकांच्या गाड्या धरल्या. एक वर ओढतोय, दोन खालून रेटतायत, एक थ्रॉटल सांभाळतोय, असं करत एकेक गाडी वर काढली आणि चौघं बरोबरीने शेवटच्या रेषेवर गेले. चौघंही विजेते ठरले. जिंकण्यासाठीच आलेल्या, त्यावर पोट असलेल्या माणसांनी हे केलं, म्हणून मला ते इतकं मोठं वाटतं. त्यातल्या लेटनबिख्लरचा मुलगा मानुएल पुढे २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षं एकट्याने एर्झबर्ग जिंकला.

आपल्याकडे अशा वाटांची वाण नाही. सह्याद्रीचा काळा कातळ थराथरांनी पायऱ्यापायऱ्यांचा झालेला, कोकणात उतरणाऱ्या घळी दगडगोट्यांनी भरलेल्या, पावसाळ्यानंतर पांदणींत गुडघाभर चर. पण गाड्यांचं दुखणं होतं. परदेशी एन्ड्युरो गाड्या महाग, त्यातल्या बऱ्याच रस्त्यावर चालवायला नोंदणीही मिळत नाही, त्या पिकअपमध्ये घालून न्याव्या लागतात. २०१९ मध्ये हीरोची एक्सपल्स २०० आली आणि साध्या पगारात बसणारी, नंबरप्लेट असलेली गाडी दगडांत नेता येऊ लागली. वजन दीडशे किलोंच्या वर, ताकद बेताची. शिकायला मात्र चांगली, कारण ताकदीच्या जोरावर चूक झाकता येत नाही. २०१५ मध्ये सी. एस. संतोष डकार रॅलीत उतरणारा पहिला भारतीय ठरला. त्याने कर्नाटकात कोलारजवळ डर्ट बाइक शिकवण्यासाठी खास जागा उभी केली आहे. २०२४ मध्ये केरळच्या हरिथ नोआने डकारमध्ये रॅली-२ हा गट जिंकला. त्यांचा खेळ वाळवंटातला, लांब पल्ल्याचा. पण त्यांच्यामुळे मातीतली गाडी हा आपल्याकडे ‘पोरांचा उनाडपणा’ राहिला नाही.

मुळशीच्या बाजूला एका सुक्या ओढ्यातून आम्ही एक्सपल्स वर काढत होतो. मधोमध सरळ वाट दिसत होती म्हणून सगळे तिथेच झटत होते आणि तिथेच घसरत होते. काठावर गुरं घेऊन बसलेले एक आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी ते म्हणाले, “तिथनं नगा काढू. पाण्यानं समदं सुटं झालंय. त्या जांभळीच्या बुडानं या, ढोरं तिकडनंच चढत्यात.” जांभळीच्या मुळांनी माती धरून ठेवली होती. वाट वाकडी आणि अरुंद होती, पण एकही दगड हलत नव्हता. ज्या गाडीने मधल्या वाटेवर सगळ्यांचा घाम काढला, ती तिथून एका दमात वर आली. “जनावर कधी सुट्या दगडावर पाय देत न्हाई,” आजोबा म्हणाले आणि गुरांमागे निघाले. वाट वाचणं म्हणजे काय, हे तेव्हापासून मी नवख्यांना त्यांच्याच शब्दांत सांगतो.

ढोरवाट, पांदण, बंद पडलेली दगडखाण, ओळखीच्या शेतकऱ्याचं पडीक रान, इथे परवानगी काढून हवं तेवढं शिकावं. सड्यांवर मात्र गाडी नेऊ नये, आणि हे मी हात जोडून सांगतो. कासच्या पठारासारख्या सड्यांवर कातळावर मातीचा अगदी पातळ थर असतो. पावसाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत त्यावर उगवून, फुलून, बी टाकून जाणाऱ्या वनस्पतींपैकी काही जगात दुसरीकडे कुठे नाहीत. दातेरी टायर तो थर एका फेरीत उचलून टाकतो, चाकोरीतून पावसाचं पाणी वाहू लागतं आणि उरलेली मातीही जाते. अभयारण्यात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय शिरताच येत नाही. काही उत्साही मंडळी पठारावर गोल गोल गाडी फिरवून व्हिडिओ काढतात. त्यात कौशल्यही काही लागत नाही. ज्याला खरंच शिकायचं आहे त्याला दहा फूट रुंदीच्या एका घळीत महिनाभर पुरेल इतका अभ्यास असतो.

सुरुवात मात्र घळीतही करू नये. सपाट मैदानावर दोन विटा ठेवून त्यांच्याभोवती, हँडल पूर्ण वळवून, पाय न टेकता इंग्रजी आठचा आकडा काढावा. तो सलग दहा वेळा जमला की विटा जवळ आणाव्यात. गुडघ्यापर्यंतचे कडक बूट, नी-गार्ड आणि चांगलं हेल्मेट गाडीच्या आधी घ्यावं. घोटा आणि गुडघा हेच पहिले जातात, आणि ताशी ५ किलोमीटरच्या वेगातही दगडात अडकलेला पाय मोडतो. आणि तिघांपेक्षा कमी जणांनी जाऊ नये. एकाला लागलं तर दुसऱ्याने त्याच्यापाशी बसायचं, आणि तिसऱ्याने मोबाइलला रेंज मिळेपर्यंत वर चढायचं. सह्याद्रीच्या घळींत ती बहुधा धारेवर गेल्याशिवाय येत नाही.