गोठविलेला वाटाणा, डब्यातला राजमा आणि आपली मटकी

गोठविलेला वाटाणा अधिक सकस की डब्यातला राजमा, असा प्रश्न हल्ली पुष्कळदा विचारला जातो. आम्ही आहारशास्त्राचे पदवीधर नव्हे. परंतु सोलापुरातील विडीकामगार बायका आणि यंत्रमागावरील माणसे यांच्या मजुरीचा हिशेब मांडता मांडता अन्नाचाही हिशेब आम्हांला शिकावा लागला.

वाटाणा खुडल्यावर मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवितात आणि मग झपाट्याने गोठवून शून्याखाली १८ अंशांवर ठेवतात. गरम पाण्याने दाण्यातील विकरे निकामी होतात, थंडीने कुजण्याची क्रिया थांबते. ताज्या वाटाण्याच्या १०० ग्रॅममध्ये क जीवनसत्त्व ४० मिलिग्रॅमच्या आसपास असते. गोठविलेल्यात साधारण निम्मे उरते. मात्र उन्हात दोन-तीन दिवस पडलेला 'ताजा' वाटाणाही त्यातले बरेच गमावून बसतो.

डब्याची रीत निकोला अपेर या फ्रेंच गृहस्थाने १८१० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. आज डबा सुमारे १२१ अंशांपर्यंत तापवितात, कारण नुसत्या उकळण्याने विषार जंतूंची बीजे मरत नाहीत. त्या आचेत क जीवनसत्त्व जवळजवळ नाहीसे होते. प्रथिने, लोह आणि चोथा मात्र टिकतात. १०० ग्रॅम निथळलेल्या राजम्यात प्रथिने सुमारे ८ ग्रॅम, तर वाटाण्यात ५. राजम्याचा दोष मिठाचा. पण डब्यातले पाणी ओतून दाणे धुतले की मिठाचा तिसरा हिस्सा तरी निघून जातो.

तेव्हा एक जीवनसत्त्वात सरस, दुसरा प्रथिनांत. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. शिवाय आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. वीज जाऊन पिशवी वितळली आणि पुन्हा गोठविली, तर तिचा भरवसा धरू नये. डब्याला ही भीती नाही, पण त्याची किंमत मजुराला परवडत नाही.

याच ठिकाणी आपली मटकी आठवावी. कोरड्या मटकीच्या १०० ग्रॅममध्ये प्रथिने २० ग्रॅमच्या वर असतात. ती भिजवून मोड आणले की, मूळ दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व तयार होते. फार शिजविल्यास मात्र ते जाते. ज्वारीत लायसीन हा प्रथिनांचा घटक कमी, कडधान्यात तो भरपूर. कडधान्यात मेथिओनीन कमी, ती उणीव ज्वारी भरून काढते. म्हणून भाकरी आणि उसळ एकत्र खाल्ली की दोन्ही मिळून पुरे अन्न होते. पेटी नको, डबा नको. रात्रभर ओले फडके पुरते.

पण फडक्यात बांधायला मटकी हवी, आणि ती मजुरीतूनच येते. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे निकष ठरविताना प्रौढाला २७०० उष्मांक धरले. ते नुसत्या भाकरीनेही भरता येतात, पण अशाने माणूस पोसला जात नाही. यापुढे मजुरीचा हिशेब मांडताना भाकरीबरोबर उसळ आणि पालेभाजीही धरली पाहिजे, एवढेच आमचे सांगणे आहे.