संघ मोबाईलवर, हिशोब घरात

वेरूळच्या एसटी थांब्यावर आयपीएलच्या दिवसांत आमची तरुण पोरे मोबाईलवर संघ बांधत बसत. ड्रीम इलेव्हनचा नियम असा, की १०० क्रेडिटमध्ये ११ खेळाडू घ्यायचे. नामांकित खेळाडू महाग, म्हणून दोन-तीन स्वस्त नवखे घ्यावेच लागत. कॅप्टनचे गुण दुप्पट, व्हाइस कॅप्टनचे दीडपट. नाणेफेकीनंतर पुन्हा संघ तपासला नाही, तर बाहेर बसलेला खेळाडू शून्य देई. डोके लागते, हे आम्ही नाकारीत नाही. अमेरिकेत १९८० पासून बेसबॉलवर असाच खेळ चालतो. तिथे तर संघ हंगामभर सांभाळतात.

घात केला तो पैशाने. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका फौजदाराला दीड कोटी लागले आणि मागोमाग निलंबनही झाले. पोरांना फक्त दीड कोटी ऐकू आले. लाखो संघांत पहिला एकच! रोजचे ५० रुपये म्हणजे महिन्याचे १,५००. हा पैसा हजेरीतला.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. ड्रीम इलेव्हनने त्या स्पर्धा थांबवल्या. शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. तेव्हा कुणी कर्ज करून बसला असेल तर आईवडिलांना बेलाशक सांगावे.

खेळायचेच तर वहीवर खेळा. सामन्याआधी ११ नावे लिहा, धावेला १ आणि बळीला २५ गुण धरा. बेरीज धाकट्या बहिणीकडे द्या, ती चुकायची नाही.