शून्याच्या अलीकडे-पलीकडे

माँट्रियलमध्ये जानेवारीतल्या सकाळी तापमान उणे वीस आहे असं कळलं, की लोक कानटोपी घालून निमूट कामाला लागतात. अंदाज ‘दुपारी अधिक एक, रात्री उणे चार’ असा आला, की मात्र कपाळाला आठ्या पडतात. भारतातून नव्याने तिथे गेलेल्या माणसाला हे उफराटं वाटतं. थंडी कमी झाली, मग तक्रार कसली? पण बर्फाळ गावांतल्या बहुतेक कटकटी थंडीच्या नसतातच, त्या पाण्याच्या असतात. आणि पाण्याच्या सगळ्या खोड्या शून्य अंशाच्या अलीकडे-पलीकडेच चालतात.

साधा प्रश्न घ्या. बर्फ निसरडा का असतो? स्केटच्या पात्याखाली दाब पडतो, दाबाने बर्फ वितळतो आणि त्या पाण्यावरून माणूस घसरतो, असं उत्तर अनेक वर्षं पाठ्यपुस्तकांत होतं. हिशेब मांडला तर ते टिकत नाही. माणसाच्या वजनाच्या दाबाने वितळणबिंदू अगदी थोडा खाली येतो, आणि लोक उणे वीसलाही आरामात स्केटिंग करतात. मायकेल फॅरेडेने १८५० मध्येच वेगळी शंका बोलून दाखवली होती. बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना टेकवले की चिकटतात, म्हणजे पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर आधीपासूनच असला पाहिजे. आज आपल्याला ठाऊक आहे की सर्वांत वरच्या रेणूंना धरून ठेवायला वरच्या बाजूला कुणी शेजारीच नसतो. म्हणून ते गोठणबिंदूच्या खालीही सैलावलेले, हलते राहतात. तापमान फार उतरलं की हा सैलपणा आटतो. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवाहून परतताना रॉबर्ट स्कॉटच्या तुकडीची स्लेज कडाक्याच्या थंडीतल्या बर्फावर पुढे सरकता सरकत नव्हती. प्रयोगशाळेत पोलादी गोळी घासून पाहिली तर बर्फ उणे सातच्या सुमारास सर्वांत निसरडा ठरतो. रस्त्यावर मात्र रबरी टायर असतो आणि बर्फावर वितळलेल्या पाण्याचा थर असतो. तिथे शून्याच्या जितकं जवळ जाल तितकी परिस्थिती वाईट.

फावड्याचंही तेच. तीन मीटर रुंद आणि दहा मीटर लांब असा घरासमोरचा गाडीचा रस्ता आणि त्यावर रात्रीत पडलेला फूटभर बर्फ धरा. कडक थंडीत पडलेला बर्फ कोरडा आणि भुरभुरीत असतो, त्याचा हातात धड गोळाही होत नाही. त्यात हवाच जास्त असते, घनमीटरला शंभर किलोच्या आसपास भरतो. तरी एकूण नऊशे किलो झाले. तोच बर्फ शून्याच्या जवळ, ओलसर पडला तर सहज दुप्पट, म्हणजे दोन टनांच्या घरात. हे सगळं न्याहारीच्या आधी, एका फावड्याने. थंडीने रक्तवाहिन्या आक्रसलेल्या, त्यात श्वास रोखून उचललेलं वजन. मोठ्या हिमवर्षावानंतर डॉक्टर हृदयविकाराच्या रुग्णांना फावड्याला हात लावू नका म्हणतात, ते उगाच नाही. बरं, घाम गाळून रस्ता मोकळा करावा, तोच पालिकेचा प्लाऊ मुख्य रस्त्यावरून जातो आणि बाजूला सारलेल्या बर्फाचा गुडघाभर बांध नेमका आपल्या फाटकासमोर घालून जातो. या बांधातला बर्फ दाबला गेलेला, ढेकळांचा, मीठपाणी प्यायलेला असतो. तो तासाभरात उचलला नाही तर दगड होतो. याविषयी शेजारी जे बोलतात ते छापता येणार नाही.

माँट्रियलमध्ये वर्षाला साधारण दोन मीटर बर्फ पडतो. पालिका तो नुसता बाजूला सारत नाही, उचलून नेते. आधी रस्त्यावर ‘गाडी लावू नये’ असे तात्पुरते फलक लागतात. मग टोइंगची गाडी चमत्कारिक दोन सुरांचा भोंगा वाजवत गल्लीतून फिरते. तो ऐकून लोक पायजम्यावर कोट चढवून खाली धावतात, कारण जी गाडी हलली नाही ती उचलून शेजारच्या एखाद्या गल्लीत ठेवली जाते. दंड तर होतोच, शिवाय सकाळी आपली गाडी शोधत हिंडावं लागतं. मागून स्नोब्लोअर येतं. बर्फ फेकणारं हे यंत्र याच भागातल्या आर्थर सिकार्ड यांनी १९२५ मध्ये तयार केलं. ते कमानीसारखा बर्फ उडवत शेजारून चालणारा ट्रक काही मिनिटांत भरतं. हिवाळ्याभरात असा सुमारे १.२ कोटी घनमीटर बर्फ हलवला जातो. त्यातला मोठा वाटा शहराच्या आतच असलेल्या फ्रँकों नावाच्या जुन्या दगडखाणीत ओततात. तिथला डोंगर ऐन उन्हाळ्यातही पुरता वितळत नाही.

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा जागच्या जागी वितळवत का नाहीत? कारण बर्फाचं पाणी करणं फार महाग आहे. शून्य अंशाचा एक किलो बर्फ शून्य अंशाच्याच पाण्यात बदलायला जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेत तेच एक किलो पाणी शून्यावरून ऐंशी अंशांपर्यंत तापतं. तापमापकाचा काटा जराही न हलता ही उष्णता गिळली जाते. मला तर ही गोष्ट शाळेत शिकलो तेव्हापेक्षा आता जास्त अचाट वाटते.

म्हणून मग मीठ. मिठाने बर्फ का वितळतो, हे कोडं महाराष्ट्रातल्या घरांना नवं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आइस्क्रीमचं पॉट आणायचं, बाहेरच्या बादलीत बर्फ आणि खडेमिठाचे थर द्यायचे आणि मुलांनी आळीपाळीने दांडा फिरवायचा. त्या बादलीत जे घडतं, तेच माँट्रियलच्या रस्त्यावर घडतं. बर्फाच्या कडेवरून रेणू सतत सुटून पाण्यात जात असतात आणि पाण्यातले रेणू परत बर्फाला जाऊन चिकटत असतात. शून्य अंशाला ही ये-जा सारखी होते. पाण्यात मीठ मिसळलं की परतणाऱ्यांची संख्या घटते, सुटणारे सुटतच राहतात आणि बर्फ शून्याच्या खालीही वितळू लागतो. वितळण्यासाठी लागणारी भरमसाट उष्णता तो आजूबाजूकडून ओढून घेतो. पॉटमध्ये ती दुधातून येते, म्हणून आइस्क्रीम जमतं. रस्त्यावर ती डांबरातून आणि हवेतून येते.

पण मिठालाही सुरुवातीला थोडं पाणी लागतं. पार कोरड्या, गारठलेल्या बर्फावर टाकलेले खडे नुसतेच पडून राहतात. म्हणून बरेच ट्रक मीठ टाकतानाच त्यावर मीठपाणी फवारतात. कागदावर मीठपाण्याचा गोठणबिंदू उणे एकवीसपर्यंत उतरतो. प्रत्यक्षात उणे दहाच्या खाली मिठाचा वेग इतका मंदावतो की त्याचा भरवसा उरत नाही. मग कॅल्शियम क्लोराइड वापरतात किंवा सरळ बारीक खडी पसरतात. खडी काही वितळवत नाही, फक्त टायरला पकड देते. कॅनडात ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली, गॉडरिच इथे, जगातली सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण आहे, जवळपास साडेपाचशे मीटर खोल. तिथलं मीठ ४० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं. त्या काळी जमिनीवर झाडंसुद्धा नव्हती, आणि आज ते मीठ लोकांच्या बुटांवर पांढरे डाग पाडतं आहे.

गाडीच्या काचेवरही तेच बसतं. पुढच्या ट्रकच्या चाकांमागून मीठपाण्याचा फवारा उडतो, दोन मिनिटांत वाळतो आणि समोरून येणाऱ्या तिरप्या उन्हात काच दुधी होते. आपल्याकडे वॉशरच्या टाकीत लोक नळाचं पाणी भरतात. तिथे ते काचेवर पडल्या पडल्या गोठेल, म्हणून मिथेनॉल घातलेलं निळं पाणी भरायचं. रात्री बर्फ पडणार असेल तर वायपर उभे करून ठेवायचे, नाहीतर सकाळी त्यांचं रबर काचेला चिकटलेलं असतं. टपावरचा बर्फ आळसाने तसाच ठेवला, तर पहिल्याच ब्रेकला तो सगळा काचेवर घसरतो आणि समोरचं काही दिसेनासं होतं. टायरसुद्धा दोन जोड लागतात, कारण साधं रबर सात अंशांच्या खाली कडक होऊ लागतं. माँट्रियलच्या क्विबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत.

खरी धास्ती दिसणाऱ्या बर्फाची नसते. दुपारी वितळलेलं पाणी रात्री पातळ, पारदर्शक थर होऊन गोठतं. त्यातून खालचं डांबर दिसतं, म्हणून त्याला ब्लॅक आइस म्हणतात. पूल आधी गोठतात, कारण त्यांच्याखाली जमिनीची ऊब नसते, थंड वारा दोन्ही अंगांनी लागतो. आणि कधीकधी पाऊसच गोठतो. वर उबदार हवेचा थर, खाली सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यात साचलेली थंड हवा. थेंब वरून पाणी म्हणूनच येतात, खालच्या थरात शून्याखाली जाऊनही द्रवच राहतात, आणि ज्याला स्पर्श करतील त्यावर तत्क्षणी काचेसारखे गोठतात. जानेवारी १९९८ मध्ये ५ ते १० तारखांदरम्यान काही ठिकाणी असा शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. त्या ओझ्याने विजेचे हजाराहून जास्त पोलादी मनोरे कोसळले आणि क्विबेकमधल्या तीस लाखांहून अधिक लोकांची वीज गेली, काही घरांत महिनाभर आली नाही. उणे तीसच्या कुठल्याही थंडीने माँट्रियलचं एवढं नुकसान केलेलं नाही.

पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं. डांबराच्या भेगेत शिरून ते रोज रात्री गोठतं, दुपारी वितळतं आणि मार्चपर्यंत रस्त्यांची चाळण होते. खड्ड्यांवर आपली मक्तेदारी आहे असा समज असेल तर तो सोडून द्या. मिठाचा हिशेबही वसंतातच चुकवावा लागतो. गाड्यांचे पत्रे गंजलेले असतात आणि क्लोराइड ओढ्या-तळ्यांत उतरलेलं असतं. एकदा पाण्यात मिसळलं की ते काढण्याचा परवडणारा मार्ग नाही. कॅनडाच्या सरकारने २००१ मध्येच रस्त्यावरचं मीठ पर्यावरणाला घातक असल्याचा निष्कर्ष काढला होता. तरी ते वापरलं जातं, कारण दुसरं तितकं स्वस्त काही नाही.

तेव्हा हिवाळ्यात मुलांकडे राहायला गेलात आणि पायऱ्यांवर टाकायला मिठाची बादली तुमच्या हाती आली, तर आधी फावड्याने बर्फ काढा, मग मूठ-दोन मूठ मीठ विरळ पसरा. खड्यांमध्ये थोडं अंतर राहिलं तरी ते काम करतं. उणे दहाच्या खाली असाल तर मीठ तसंच ठेवून वाळू टाका. आणि बर्फ गेल्यावर पायरीवर उरलेले खडे झाडून पुन्हा बादलीत भरा, पुढच्या खेपेला चालतात.