कुंपण काढायचा खर्च

उद्योगपती जंगल विकत घेतो म्हणजे नेमकं काय करतो, असं संपादकांनी विचारलं तेव्हा त्यांच्या मनात आपल्याकडचा सीएसआर होता. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकार्याला द्यायला लावले. त्या यादीत पर्यावरणही आहे, आणि त्यातून वृक्षारोपणं पुष्कळ होतात. पण रानासाठी खासगी पैसा कुठवर पोचू शकतो आणि कुठे अडतो, हे पाहायचं तर चिलीकडे बघायला हवं. दक्षिण अमेरिकेच्या शेपटाकडच्या पातागोनिया प्रदेशात एका अमेरिकी दांपत्याच्या प्रतिष्ठानांनी पंचवीसएक वर्षं जमिनी विकत घेतल्या, त्यांवरचा शेतीधंदा उठवला आणि शेवटी त्या सरकारच्या स्वाधीन केल्या.

अधिकृत इतिहास थोडक्यात असा. डग्लस टॉम्पकिन्स हा गिर्यारोहक. शाळा अर्धवट सोडलेला. १९६० च्या दशकात त्यानं ‘द नॉर्थ फेस’ हे गिर्यारोहणाच्या सामानाचं दुकान काढलं, थोड्याच वर्षांत विकलं, आणि पुढे पहिल्या पत्नीबरोबर ‘एस्प्रि’ ही कपड्यांची कंपनी मोठी केली. १९६८ साली मित्र इव्हॉन शुइनार्ड आणि इतरांबरोबर तो कॅलिफोर्नियाहून गाडीनं थेट पातागोनियापर्यंत गेला आणि तिथलं फिट्झ रॉय शिखर चढला. कंपनीतला हिस्सा विकल्यावर १९९० मध्ये त्यानं आपलं पहिलं प्रतिष्ठान स्थापलं आणि लगेच पुढच्या काळात चिलीत रेन्यिवे नावाचं जुनं शेत घेतलं. शुइनार्डच्या ‘पातागोनिया’ कंपनीची धुरा वाहिलेली क्रिस मॅक्डिविट ते काम सोडून त्याच्याशी लग्न करून तिथे राहायला आली. रेन्यिवेच्या आजूबाजूनं पुमालिन हे पहिलं मोठं रान उभं राहिलं. त्यात आलेर्से वृक्ष आहेत. त्यांतले काही तीन हजारांहून अधिक वर्षांचे, आणि ते तोडायला चिलीत १९७६ पासून बंदी आहे.

मला मात्र पुमालिनपेक्षा त्याच्या बऱ्याच दक्षिणेला असलेल्या वाये चाकाबुको या खोऱ्यानं धरून ठेवलं. पुमालिनमध्ये मुळातच घनदाट ओलं अरण्य होतं, ते राखायचं होतं. चाकाबुकोत राखण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुकास ब्रिजेस यानं तिथे मेंढ्यांचा मोठा व्यवसाय उभा केला. नंतर मालक बदलत गेले, मेंढ्या राहिल्या. २००४ साली क्रिस टॉम्पकिन्सच्या संस्थेनं हे शेत घेतलं तेव्हा त्याचं क्षेत्र सत्तर हजार हेक्टर होतं आणि त्यावर पंचवीस हजारांच्या आसपास मेंढ्या चरत होत्या. गवत जमिनीला टेकलेलं, ओढ्यांचे काठ तुडवलेले. खोऱ्याच्या उत्तरेला एक सरकारी राखीव क्षेत्र, दक्षिणेला दुसरं, आणि मधोमध हे शेत. म्हणूनच ते घेतलं. दोन्हीकडचं रान जोडायचं तर मधला तुकडा मोकळा करणं भाग होतं.

आणि मधल्या तुकड्यात कुंपण होतं. सहाशे चाळीस किलोमीटरच्या आसपास तार. मुंबईहून निघून पणजी ओलांडली तरी संपणार नाही इतकी. ती सगळी काढावी लागली. देणगी म्हटलं की आपल्याला धनादेशावरची सही दिसते, पण इथे देणगीचं रूपांतर हातमोजे, पक्कड आणि कटर यांत झालं. तार नुसती कापून चालत नाही. ताणलेली तार कापली की उसळते, म्हणून आधी ताण सोडवायचा. मग खांबातले खिळे एकेक उपटायचे, तारेची वेटोळी करायची, ती उचलून रस्त्यापर्यंत आणायची. गवतात पडलेला एखादा तुकडा राहिला तर तोच पुढे जनावराच्या पायात अडकतो. मग खांब. मग पुढचा खांब. वारा थांबत नाही, कारण पातागोनियात वारा थांबतच नाही. हे काम संस्थेच्या माणसांनी केलं आणि जगभरातून आलेल्या स्वयंसेवकांनीही केलं. स्वतःच्या खर्चानं येऊन, तंबूत राहून, दिवसभर खिळे उपटणारी तरुण मुलं. निसर्गशिक्षण म्हणून जे काही मी वाचलं आहे त्यात इतकं थेट शिक्षण क्वचितच असेल. जमिनीवरची मालकीची रेघ कशाची बनलेली असते, हे त्यांनी बोटांनी शिकून घेतलं.

हा खटाटोप कशासाठी, तर ग्वानाकोसाठी. उंटाच्या कुळातला हा सडपातळ तांबूस प्राणी कुंपण ओलांडू शकतो, पण प्रत्येक वेळी नाही. पाय अडकला की तो तिथेच लटकून मरतो, आणि पिल्लं तर हमखास अडकतात. तार गेल्यावर आणि मेंढ्या टप्प्याटप्प्यानं विकल्यावर गवत उठलं, ग्वानाकोंचे कळप खोऱ्यात उतरले, त्यांच्यामागून प्यूमा आले. वेमुल या हरणाची गोष्ट अधिक नाजूक आहे. चिलीच्या राजचिन्हावर एका बाजूला कोंडोर गिधाड आहे आणि दुसऱ्या बाजूला हे हरीण. सगळ्या जगात आता ती दोनेक हजारच उरली असावीत, आणि त्यांतली काही या खोऱ्याच्या आसपास आहेत.

त्या कामातला एक माणूस माझ्या डोक्यातून जात नाही. मेंढ्यांच्या शेतांवर प्यूमा मारण्यासाठी खास शिकारी ठेवलेले असत. त्यांना ‘लेओनेरो’ म्हणत. चाकाबुकोत असं काम केलेला एक गाउचो, म्हणजे तिथला घोडेस्वार गुराखी, मालक बदलल्यावर वन्यजीवांच्या पथकात घेतला गेला. आयुष्यभर त्यानं माग काढला होता तो मारण्यासाठी. आता तोच माग काढून तो प्यूमाच्या गळ्यात रेडिओ पट्टा बांधायला मदत करू लागला, वेमुलांवर नजर ठेवू लागला. ठसा ताजा की कालचा, मादी पिल्लांसह आहे की एकटी, शिकार करून किती वेळ झाला, हे ज्ञान कुठल्या विद्यापीठात मिळणार नव्हतं. पैसा खर्चून ते विकत घेता येतं असंही नाही. ते आधीपासून त्या खोऱ्यात होतं आणि कुणीतरी त्याला वेगळं काम दिलं. माझ्या मते या प्रतिष्ठानाचा सगळ्यात शहाणा खर्च त्या माणसाचा पगार हाच होता.

सगळ्यांना मात्र असं काम मिळालं नाही, आणि इथून कथा खडतर होते. शेतावर राबणारी कुटुंबं, लोकर कातणीच्या हंगामावर जगणारी माणसं, जवळच्या कोक्राने गावातले दुकानदार, यांच्यासाठी ते शेत म्हणजे नुसतं कुरण नव्हतं, रोजगार होता आणि अभिमानही होता. ‘पातागोनिया, टॉम्पकिन्सविना’ असे स्टिकर त्या भागात गाड्यांवर दिसत. पुमालिनच्या काळात तर संशय याहून टोकाचे होते. समुद्रापासून आर्जेंटिनाच्या सीमेपर्यंत एका परदेशी माणसाची सलग जमीन म्हणजे चिलीचे दोन तुकडे, असं बरेच जण उघड म्हणत. सरकारमध्येही ही भीती होती. पुमालिनच्या मधोमध विनाय नावाचा मोठा तुकडा एका विद्यापीठाच्या मालकीचा होता. तो टॉम्पकिन्सला न मिळता १९९८ मध्ये एन्देसा या वीज कंपनीकडे गेला आणि रान दोन भागांत राहिलं. २००५ साली पुमालिनला निसर्ग अभयारण्याचा दर्जा मिळाला, तोवर वर्षानुवर्षं वाटाघाटी झाल्या. बाकेर आणि पास्कुआ नद्यांवर पाच धरणं बांधायच्या प्रकल्पाविरुद्धच्या मोहिमेलाही टॉम्पकिन्सनं पैसा पुरवला. २०१४ मध्ये तो प्रकल्प रद्द झाला. धरणं झाली नाहीत याचा मला आनंद आहे. पण परक्या देशातल्या श्रीमंताचा पैसा एका देशाचं वीजधोरण ठरवायच्या वादात उतरतो, तेव्हा तिथल्या माणसाला चीड आली तर तीही मला समजते.

या चिडीवर एकच खरं उत्तर होतं, ते म्हणजे मालकी सोडणं. ही वाट टॉम्पकिन्सनं शोधलेली नव्हती. १९२६ मध्ये जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांनी वायोमिंगमधलं जॅक्सन होल खोरं पाहिलं आणि एका जमीन कंपनीच्या नावाआड सुमारे पस्तीस हजार एकर विकत घेतले. ते सरकारला द्यायचे होते. स्थानिकांचा विरोध असा की ती देणगी स्वीकारायलाच सरकारला १९४९ पर्यंतचा काळ लागला. जमीन घेताना नाव लपवलं, म्हणून नाव उघड झाल्यावर राग दुप्पट झाला. हा धडा चिलीतही खरा ठरला. लोकांना विकत घेणाऱ्यापेक्षा न सांगता विकत घेणाऱ्याची भीती जास्त वाटते.

डिसेंबर २०१५ मध्ये डग्लस टॉम्पकिन्सची कयाक जनरल कारेरा तलावात उलटली आणि थंड पाण्यात गारठून त्याचा अंत झाला. त्याचं दफन चाकाबुको खोऱ्यातच झालं. पुढच्या वाटाघाटी क्रिसनं नेल्या. मार्च २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष मिशेल बाशेले यांच्याबरोबर करार झाला आणि २९ जानेवारी २०१८ ला त्याप्रमाणे आदेश निघाले. प्रतिष्ठानानं चार लाख हेक्टरहून जास्त जमीन दिली, आणि त्या बदल्यात सरकारनं आपली नऊ लाख हेक्टरहून अधिक जमीन त्यात घालायची. पाच नवी राष्ट्रीय उद्यानं झाली, तीन मोठी झाली. करारातली ही अट मला फार महत्त्वाची वाटते. नुसतं दान घेऊन सरकारला मोकळं होता आलं नाही, स्वतःचंही काही कायमचं बांधून द्यावं लागलं.

पुमालिन आणि चाकाबुकोचं प्रत्यक्ष हस्तांतर २०१९ मध्ये झालं. पायवाटा, पूल, तंबूच्या जागा, माहिती केंद्र, दगडी इमारती, सगळं तयार होतं. पण छत दरवर्षी गळतं, पूल दरवर्षी वाहून जातो, रक्षकाला दर महिन्याला पगार लागतो. उद्यानं सांभाळणारी कोनाफ ही वनसंस्था आधीच तुटपुंज्या पैशांवर चालत आली आहे. देणगीदारानं उंची दगडात बांधलेली वास्तू ती कशी राखणार, हा प्रश्न हस्तांतराच्या दिवशीच उभा होता. २०२३ मध्ये जैवविविधतेसाठी स्वतंत्र सरकारी सेवा स्थापन करणारा कायदा चिलीनं केला, उद्यानं हळूहळू तिच्याकडे जायची आहेत. टॉम्पकिन्सच्या संस्थेतूनच निघालेली ‘रिवाइल्डिंग चिली’ तिथे वन्यजीवांचं काम करत राहिली आहे. म्हणजे देऊन झाल्यावरही खासगी पैसा पूर्ण बाहेर पडू शकलेला नाही, आणि तो पूर्ण बाहेर पडावा असं तिथल्या कुठल्याही वनरक्षकाला आज वाटत असेल असं मला वाटत नाही.

मुलांच्या बाबतीतही हीच अडचण आहे. कोक्रानेच्या शाळांतल्या मुलांना डोंगरात नेऊन वेमुल दाखवायच्या सहली संस्थेनं सुरू केल्या, आणि ज्या गावात बापानं हे शेत हरवलं त्या गावातल्या मुलीनं उद्यानाची वाटाड्या व्हावं हा त्यामागचा हेतू मला मनापासून पटतो. पण त्याच प्रदेशात कोयाइकेजवळ अमेरिकेतल्या नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूलचाही तळ आहे, तिथल्या लांबलचक मोहिमांना येणारे विद्यार्थी बहुतेक परदेशी, आणि त्या परवडायला शिष्यवृत्ती लागते. शिष्यवृत्ती कुणाला द्यायची हे पुन्हा देणगीदार ठरवतो. गावातल्या शाळेची सहल एका वर्षी निधी आटला म्हणून रद्द झाली, तर त्याची बातमी होत नाही.

शेजाऱ्यांचा प्रश्न सगळ्यात कठीण आहे. मेंढ्या गेल्या, पण खोऱ्याच्या बाहेर अजून मेंढपाळ आहेत. ग्वानाको त्यांच्या गवतावर येतात, प्यूमा त्यांच्या कोकरांवर. राखणीचे मोठे पांढरे कुत्रे वाढवून संस्थेनं एक उपाय करून पाहिला. कुत्रा कळपातच वाढतो, कळपाला आपला मानतो आणि प्यूमाला हुसकावतो. तो उपयोगीही आहे. पण कुत्र्याला खाऊ घालायचं, शिकवायचं, म्हातारा झाला की दुसरा आणायचा, हा खर्च मेंढपाळाच्याच खिशातून.

शिवाय उद्यानामुळे त्या भागाचं नाव झालं आणि जमिनीचे भाव वाढले. चिलीत १९८० पासूनचा एक कायदा ग्रामीण जमिनीचे अर्ध्या हेक्टरपर्यंत तुकडे पाडू देतो. साथीच्या काळानंतर आयसेन प्रांतात असे तुकडे पाडून विकायचा धंदा जोरात आला. जाहिरातीत तलाव, बर्फाची शिखरं आणि ‘राष्ट्रीय उद्यानाजवळ’ हे शब्द. कोकणातल्या कुठल्याही सड्यावर हे फलक आपण पाहिलेले आहेत. सरकारनं २०२२ मध्ये लगाम घालायचा प्रयत्न केला, तो न्यायालयात अडकला. टॉम्पकिन्स दांपत्यानं सहाशे किलोमीटर तार काढली ती एका मालकाची होती, एकाच वेळी विकत घेता आली. आता उद्यानाच्या हद्दीबाहेर अर्ध्या अर्ध्या हेक्टरभोवती नवी तार लागते आहे, प्रत्येकीचा मालक वेगळा, बरेचसे सान्तियागोत राहणारे. एवढ्या लोकांकडून ती परत विकत घेईल असं प्रतिष्ठान अजून कुणी काढलेलं नाही, आणि चिलीचं सरकार तुकडे पाडायचा कायदा कधी बदलतं याकडेच आता वनरक्षकांचं लक्ष असायला हवं.